तीन बादल्यांचा बॉयलर

आमच्या घरात बंबावरून कधी भांडण झालं नव्हतं, कारण बंबाबद्दल मत असण्याचा अधिकार एकाच व्यक्तीला होता. ती व्यक्ती म्हणजे निरुपमा, माझी बायको. तांब्याचा, तीन बादल्या पाणी घेणारा, पोटातून धुराडं वर गेलेला हा बंब मूळ तिच्या आजीचा. खांद्यावर 'सौ. गंगाबाई प्रधान' अशी अक्षरं कोरलेली. आजीने तो निरुपमाला लग्नात दिला आणि दोघं, म्हणजे बंब आणि निरुपमा, एकाच टेम्पोतून माझ्या घरी आली. गीझर आल्यावर बंबाला माळ्यावर बढती मिळाली. तिथून तो वर्षातून एकदाच, नरकचतुर्दशीला, खाली उतरे. त्या दिवशी माझे सासरे प्रतापराव आमच्याकडे बडोद्यात मांजलपूरला येत आणि आपल्या आईच्या बंबातल्या पाण्याने अभ्यंगस्नान करत. वय चौऱ्याऐंशी. बडोदे सरकारच्या खाजगी खात्यात नोकरीला लागलेले. पुढे संस्थान गेलं, खातं गेलं, पण सासऱ्यांचा आवाज अजून त्याच खात्यात होता.

हे सगळं १९९३ सालचं. देश नुकताच खुला झाला होता आणि मी नुकताच रिकामा. एका खत कारखान्याच्या भांडारात एकतीस वर्षं काढून मी निवृत्त झालो होतो. त्या वर्षी आमच्या सोसायटीत ज्याने काही काढलं नाही असा माणूस दिसला की लोक त्याला तब्येत विचारत. कुणी एसटीडी बूथ काढला होता, कुणी सागाच्या रोपांत भागीदारी घेतली होती. शेजारच्या गुणवंतभाईंनी छाणीला एक शेड भाड्याने घेऊन कांड्या काढल्या होत्या. दगडी कोळशाची भुकटी आणि शेंगांची टरफलं एकत्र करायची, यंत्रात दाबायची, की मनगटाएवढी जळणाची कांडी बाहेर पडते. कल्पना उत्तम होती. ज्यांनी विकत घेतल्या त्यांनीही कल्पनेला नावं ठेवली नाहीत. कांड्या मात्र परत आणून दिल्या.

"चिटणीससाहेब, माल सारो छे," गुणवंतभाई माझ्या ओट्यावर बसून म्हणाले. "पण धुमाडो बहु छे. फरसाणवाला म्हणतो, गाठिया तळतोय की भजी, तेच दिसत नाही."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण ज्या कारखान्यात वाफेपासून गॅस बनतो तिथे मी एकतीस वर्षं काढली होती. गॅस बनवण्याशी माझा थेट संबंध नव्हता हे खरं. मी त्या विभागाला गॅस्केटं, म्हणजे सांध्यातून वाफ गळू नये म्हणून घालायच्या चकत्या, देत असे. पण एकतीस वर्षं गॅस्केटं दिल्यावर माणसाच्या अंगात थोडा गॅस मुरतोच. मी गुणवंतभाईंना समजावलं, की कोळसा लालबुंद करायचा आणि त्यातून पाण्याची वाफ सोडायची. कोळसा वाफेतला प्राणवायू ओढून घेतो, हायड्रोजन मोकळा होतो आणि जो गॅस निघतो तो निळ्या ज्योतीने जळतो. धूर नाही, काजळी नाही.

गुणवंतभाई ओट्यावर माझ्याजवळ सरकले. मग म्हणाले, "आणि तुम्ही तिथे नुसते स्टोअरमध्ये होता?"

या एका वाक्याने पुढचं सगळं घडलं.

भट्टी सोपी होती. गुणवंतभाईंच्या शेडमधलं जाड लोखंडी पिंप, आतून भट्टीच्या विटा, खालून लोहाराचा हातपंखा आणि वरून गॅस न्यायला नळी. हा गॅस विषारी असतो आणि त्याला वास नसतो, हे कारखान्यातल्या तीन पाट्यांवर मी रोज वाचत असे, म्हणून जागा गच्चीची घेतली. प्रश्न वाफेचा होता. पहिला प्रयोग निरुपमाच्या कुकरवर झाला. शिट्टीच्या जागी रबरी नळी लावली. वाफ आली, पण चिमूटभर, आणि तिला तुरीच्या डाळीचा वास होता. सोसायटीतले जाणकार जमले होते. एकाने सुचवलं की इडलीपात्र घ्या. दुसरा म्हणाला, इस्त्रीवाल्याकडे विचारा. तिसऱ्याने, जो बँकेत होता, हा धंदा न करण्याचा सल्ला दिला. त्या सगळ्या सल्ल्यांत तो एकच बरोबर होता हे आता लक्षात येतं.

मी वर माळ्याकडे पाहिलं. निरुपमाने माझ्याकडे पाहिलं.

"नाही," ती म्हणाली. मी अजून काही बोललो नव्हतो.

चार दिवस गेले. पाचव्या दिवशी गुणवंतभाईंच्या पत्नीने निरुपमाला सांगितलं, की दिवाळीपर्यंत माल खपला नाही तर शेड सोडावी लागेल. निरुपमा विरघळली. शेजाऱ्यांच्या बाबतीत ती लवकर विरघळते, तो गुण फक्त घराच्या भिंतीबाहेर चालतो. तिने अटी घातल्या. बंब नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशी परत. जसा गेला तसा परत. "आणि अहो, एकही भोक पाडायचं नाही. बाबांना हे कळता कामा नये. त्यांच्या आईची एवढी एकच वस्तू उरलीय." मी होकार दिला. तिने लेखी मागितलं नाही. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात तिला लेखी मागायची गरज पडली नव्हती, आणि नेमकी तिथेच ती चुकली.

बंब गच्चीवर चढला त्याच संध्याकाळी सोसायटीच्या सेक्रेटरी नीराबेन आल्या. नीराबेन गच्चीवर पापड वाळवत, आणि गच्चीकडे त्या आपल्या पापडांच्या दृष्टीने बघत. त्यांनी यंत्राला एक प्रदक्षिणा घातली आणि शांतपणे विचारलं, की हे गॅस आहे ना, मग परवानगी कुठे आहे?

परवानगीसाठी मी आधी गेलो ते गॅसच्या कचेरीत. तिथल्या गृहस्थांनी नम्रपणे सांगितलं, की आम्ही लोकांना गॅस देतो, लोकांकडून घेत नाही, त्यामुळे आमच्याकडे यासाठी अर्जच नाही. त्यांनी आगीच्या खात्याकडे पाठवलं. आगीच्या खात्याचं म्हणणं पडलं, की आग लागल्यावर या. ती लागण्याआधीचं काम दुसऱ्या मजल्यावर, आणि दुसरा मजला दुपारी जेवायला गेलेला. दुसरा मजला जेवून आल्यावर त्याने 'वाफ' हा शब्द ऐकला आणि मला बॉयलरवाल्या कचेरीत पाठवलं.

तिथे एक तरुण, टापटिपीचा अधिकारी होता. त्याने माझं म्हणणं पूर्ण ऐकून घेतलं, यावरूनच मला संशय यायला हवा होता.

"क्षमता किती?" त्याने विचारलं.

"तीन बादल्या."

"बादली किती लिटरची?"

"न्हाणीघरातली."

त्याने 'न्हाणीघरातली' असं लिहून घेतलं. मग एक जाड पुस्तक काढून त्याने मला कायदा समजावला. बंद भांड्यात अमक्यापेक्षा जास्त पाण्याची वाफ केली तर तो बॉयलर. त्याची नोंदणी हवी, तपासणी हवी, बनवणाऱ्याचा दाखला हवा. मी म्हटलं, बनवणारा तांबट साठ वर्षांपूर्वीच गेला असेल. मग त्याचा मृत्यूचा दाखला लागेल, असं तो म्हणाला. मी हताश होऊन विचारलं, की मग एवढी वर्षं आमच्या घरी अंघोळीचं पाणी तापतंय, तो काय बिनपरवाना बॉयलर? तो विचारात पडला. पुन्हा पुस्तकात गेला. बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा उजळला होता.

"झाकण उघडं असतं ना? मग तो बंब. झाकण घट्ट लावलंत, की बॉयलर."

म्हणजे झाकण उघडं ठेवून मला वाफ मिळणार नव्हती आणि झाकण लावून परवानगी. त्यानेच मग आतल्या गोटातला सल्ला दिला, की पाणी निम्मंच भरा, म्हणजे ते माझ्या पुस्तकाच्या खाली राहील. लिहून मात्र काही देता येणार नाही. मी माझ्या अर्जाची प्रत पुढे केली. निदान अर्ज मिळाल्याची खूण तरी द्या. त्याने त्यावर जांभळ्या शाईचा गोल शिक्का मारला, 'मिळाला'.

नीराबेननी तो कागद चष्मा लावून पाहिला. मजकूर त्यांनी वाचला नाही. शिक्का गोल असल्याची खात्री केली आणि कागद फायलीला लावला. आमच्या देशात गोल शिक्क्याला जे वजन आहे ते चौकोनी शिक्क्याला नाही, याचं कारण मला अजून कळलेलं नाही.

आता झाकण. वचनाप्रमाणे भोक पाडायचं नव्हतं, म्हणून पाणी ओतायच्या तोंडात नळी बसवून भोवती कणीक थापली. वाफेने कणीक फुगली, भाजली आणि नळीसकट उडून टाकीपलीकडे पडली. ती खरपूस झाली होती, एवढंच तिच्याबद्दल सांगता येईल. दुसऱ्या दिवशी माती लावली, तिसऱ्या दिवशी सायकलची ट्यूब. बंबाचं तोंड लोट्याचं होतं आणि लोट्याच्या तोंडाला गॅस्केट बसत नाही. हे मी सांगतोय, ज्याने एकतीस वर्षं गॅस्केटं दिली.

शेवटी गुणवंतभाईंनी छाणीहून आपला मिस्त्री आणला. त्याने बंबाचं तोंड डोळे मिटून हाताने चाचपलं, वैद्याने नाडी बघावी तसं. मग तोंड पत्र्याने घट्ट झाकून टाकायचं ठरवलं आणि बंबाच्या खांद्यावर बोट ठेवून म्हणाला, "साहेब, अहिं एक नानुं काणुं पाडी दउं?"

वाफेच्या नळीसाठी भोक मागणारं ते बोट 'गंगाबाई' आणि 'प्रधान' यांच्या बरोबर मध्ये होतं.

मी मान हलवली. ती होकारार्थी होती की नकारार्थी, हे मला आजही ठरवता येत नाही. मिस्त्री गुजरातेतला होता आणि त्याने ती सोयीच्या दिशेने वाचली. दोन मिनिटांत करंगळीएवढं, अतिशय सुबक भोक पडलं. एवढं सुबक, की मी थोडा वेळ कौतुकाने त्याच्याकडे बघत राहिलो. मग त्यावर अंगठा ठेवून ते लपतं का हे पाहिलं.

यापुढे मी निरुपमाला गच्चीवर येऊ दिलं नाही. कारण म्हणून वैज्ञानिक धोका सांगितला. ती माझ्याकडे एकदा बघून खाली चकल्या करायला गेली. तिने वाद घातला नाही. वाद न घालणारी निरुपमा ही काय चीज असते, ते समजायला माझ्या घरात अठ्ठावीस वर्षं काढावी लागतात.

वाफ आता झकास येत होती, पण कांड्यांनी दगा दिला. कोरड्या असताना त्या दगडासारख्या होत्या. वाफ लागली की चहात बुडवलेल्या बिस्किटासारख्या फुगून ढासळत आणि भट्टीत टरफलांचा चिखल होई. गुणवंतभाईंनी छाणीला जाऊन मिश्रणात काकवी घातली. नव्या कांड्या मजबूत झाल्या. त्या मुंग्यांनाही आवडल्या. जिन्याच्या कठड्याला धरून तिसऱ्या मजल्यापर्यंत मुंग्यांची रांग लागली, आणि वाटेत नीराबेनचं स्वयंपाकघर लागत होतं.

धनत्रयोदशीच्या दुपारी चाचणी ठरली. सोसायटीच्या कमिटीसाठी आमच्या गॅसवर चहा होणार होता. कमिटीने तो प्यायचा आणि मग ठराव करायचा. गुणवंतभाईंनी मेहसाण्याहून एक गिऱ्हाईक बोलावलं होतं. त्याने गॅस पाहिला की माल उचलला जाणार होता. गुणवंतभाई नवा शर्ट घालून आले होते आणि त्यांच्या शर्टाच्या घड्या अजून मोडल्या नव्हत्या. मला त्या घड्यांकडे बघवेना.

मी पंखा फिरवला. भट्टी लाल झाली, मग नारिंगी. पंखा बंद केला, वाफेची चावी सोडली. भट्टीने एक दीर्घ सुस्कारा टाकला. नळीच्या तोंडाशी मी लांब काठीने काडी धरली आणि ज्योत पेटली. निळी. दुपारच्या उन्हात नीट दिसत नव्हती, म्हणून मेहसाण्याच्या गिऱ्हाइकाने छत्री धरली आणि छत्रीच्या सावलीत सगळ्यांनी वाकून ती पाहिली. नीराबेनसुद्धा वाकल्या. गुणवंतभाईंनी माझा हात धरला होता. खोटं कशाला सांगू, कारखान्यात मला निरोपाला घड्याळ दिलं तेव्हाही एवढं भरून आलं नव्हतं.

चहाच्या कडेला बुडबुडे आले, आणि ज्योत वाकली, पिवळी झाली आणि गेली.

कारखान्यात हे काम करणारी माणसं होती, मी नव्हतो. वाफ कोळशाची उष्णता खाते. चार मिनिटं गॅस मिळाला की कोळसा मंदावतो. मग वाफ बंद करून पुन्हा पंखा फिरवायचा, पुन्हा चार मिनिटं. हे मला माहीत नव्हतं. मी उलट वाफ वाढवली. भट्टीने काकवी, टरफलं आणि कोळसा यांचं जे काही तोपर्यंत पोटात साठवलं होतं, ते डांबराच्या रूपाने नळीवाटे बाहेर टाकलं. काळे, चिकट, गोड वासाचे शिंतोडे. ते कमिटीवर पडले नाहीत, हे कमिटीचं नशीब. ते पलीकडे पातळावर वाळत घातलेल्या नीराबेनच्या दिवाळीच्या मठियांवर, म्हणजे तळायच्या पातळ गुजराती पापड्यांवर, पडले. अडीचशे मठिया, प्रत्येकीवर एक काळा टिळा. काही वेळ त्या तिळाच्या वाटत होत्या.

ठराव तिथेच झाला. सर्वानुमते. मेहसाण्याचं गिऱ्हाईक खाली जाता जाता जिन्यात थांबलं आणि म्हणालं, की गॅस राहू द्या, पण आपल्या भट्टीला चाळीस फूट चिमणी आहे, तिथे धुराचं कुणाला काय. वीटभट्टी होती त्याची. त्याने सगळा माल मागितला, फक्त काकवीवाला नको म्हणाला. तीन महिन्यांच्या माझ्या विज्ञानाचं फलित काय, तर ज्यांना धूर चालतो त्यांनी कांड्या घ्याव्यात. गुणवंतभाई पेढे घेऊन आले. माझ्याकडे मात्र भोक पडलेला बंब होता आणि हातात एक संध्याकाळ.

कल्हईवाले दिवाळीचे गावी गेलेले. तोंडावरचा पत्रा निघाला. भोकात मी लाकडाची खुंटी ठोकली, वर लाख वितळवून ओतली आणि लाखेवर कुंकवाने स्वस्तिक काढलं. सणाचा बंब, त्यावर स्वस्तिक. निरुपमाने पाहिलं आणि म्हणाली, "छान काढलंय." एवढंच. मला रात्रभर ते दोन शब्द पचले नाहीत.

पहाटे मागच्या अंगणात बंब पेटला. जळण गुणवंतभाईंच्या काकवीवाल्या कांड्यांचं, आणि त्या बंबात अप्रतिम जळत होत्या. धूर सरळ धुराड्यातून वर जात होता. प्रतापराव आदल्या संध्याकाळीच आले होते. तेल लावून, उटणं चोळून ते पाटावर बसले होते. निरुपमा ओवाळायचं तबक आणायला आत गेली. इतके दिवस बंब कायद्याच्या खाली, निम्मा भरला होता. आज सणाचा म्हणून मीच तो काठोकाठ भरला होता. पाणी गंगाबाईंच्या नावापर्यंत चढलेलं, हे माझ्या लक्षात आलं तेव्हा स्वस्तिक हललं.

आधी त्याचा एक पाय लांबला. मग दुसरा. लाख मऊ होऊन ओघळली, खुंटी टक्क करून बाहेर आली आणि 'गंगाबाई' आणि 'प्रधान' यांच्यामधून कुंकवाच्या रंगाची एक बारीक धार थेट रांगोळीवर पडू लागली. मी पुढे झालो, चटका बसला, मागे झालो. बादली शोधू लागलो. ती माझ्या हातातच होती.

प्रतापराव पाटावरून हलले नाहीत. त्यांनी धारेकडे पाहिलं. धारेवरून माझ्याकडे पाहिलं. मग पायाशी अंगठ्याने फोडायला ठेवलेलं कारीट उचललं, पंच्याच्या टोकाने धरलं आणि एका झटक्यात भोकात दाबून बसवलं. धार थांबली. ते कडू फळ तिथे असं बसलं, जणू तांबटाने मापाचं करून दिलं होतं. चौऱ्याऐंशी वर्षांच्या हाताला हे सुचलं कसं, याचा मला अचंबा वाटला.

"आनंदराव," ते आवाज खाली आणून म्हणाले, "मागच्या बाजूला, कडीखाली, कथलाचा एक जुना ठिपका आहे. तुम्ही तिथे पाडायचं होतं. कुणाला दिसत नाही."

मी बंबामागे वाकून पाहिलं, ठिपका होता.

"सूरसागर तलावात नाव चालवायची होती," ते म्हणाले. "वाफेची. मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा."

"चालली?"

"बुडाली. बंब वाचला. आईला शेवटपर्यंत कळलं नाही."

मागे दारात बांगड्या वाजल्या. निरुपमा तबक घेऊन उभी होती, किती वेळ ते कळायला मार्ग नव्हता. ती खाली आली, वडिलांना कुंकू लावलं, ओवाळलं. मग बंबाजवळ जाऊन कारिटावरून एक बोट फिरवलं.

"बाबा, आजीनेच दाखवलाय मला तो ठिपका," ती म्हणाली. "लग्नात बंब देताना. म्हणाली, चिंचेने घासशील तेव्हा इथे जरा जपून."

प्रतापरावांचा तांब्या हवेतच राहिला. सत्तावन्न वर्षं जपलेलं गुपित त्यांच्या डोळ्यांदेखत गेलं होतं आणि त्यांना ते कुणाकडे मागता येत नव्हतं. निरुपमाने त्यांच्या हातातून तांब्या घेतला, त्यांच्या खांद्यावर कोमट पाणी ओतलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली,

"आता दोन ठिकाणी जपायचं."